साहेब बघतात तोवर हिरवं

"आत्ता चालत होतं ना रे बाबा? मग आता कुठला किडा चावला तुला?"

आवाज टेबलाखालून आला. पुटपुटे टेबलाखाली शिरून मशीनशी भांडत होते. पुटपुटे हे त्यांचं आडनाव नव्हे, स्वभाव. माणसांशी ते मोजकं बोलायचे आणि यंत्रांशी भरभरून. यंत्रांनी मात्र त्यांचं ऐकल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीतल्या ताई हसल्या. "दादा, बाहेर या. द्या ते काम माझ्याकडे! चहाच्या आत हिरवा दिवा लावते आणि सही ठोकते!"

सही! नुसत्या शब्दानेच ताईंच्या पाठीचा कणा ताठ झाला. घरचं आवरून, लेकीची जुनी पुस्तकं उशाशी घेऊन त्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग शिकल्या होत्या. शिकवायला कुणी नाही, हसायला सगळे. आज पहिल्यांदा एक टेस्ट एकट्या त्यांच्या सहीने पास व्हायची होती. त्या सहीवर मोठ्या साहेबांचा शेरा, आणि त्या शेऱ्यावर ताईंची पक्की नोकरी! सकाळी निघताना घरात "आज झालंच समजा" असं सांगूनच त्या बाहेर पडल्या होत्या. असं सांगू नये, हे त्यांना माहीत होतं. पण जीभ ती जीभ.

काम सांगायला सोपं होतं. एका प्रोग्रॅमिंग भाषेसोबत जी तयार अवजारं मिळतात, त्या स्टँडर्ड लायब्ररीत एक नवी 'रांग' आली होती. एका बाजूने काही थ्रेड, म्हणजे एकाच वेळी राबणारे हात, तिच्यात चिठ्ठ्या टाकणार. दुसऱ्या बाजूने काही हात त्या काढून घेणार. सगळ्यांनी एकदम झोंबाझोंबी केली तरी जेवढ्या टाकल्या तेवढ्याच बाहेर आल्या पाहिजेत. आल्या, की भिंतीवरचा दिवा हिरवा. एक जरी हरवली, की लाल!

ही रांग खुद्द मोठ्या साहेबांनी लिहिली होती. साहेब नुकतेच रुजू झालेले. पण कीर्ती अशी, की दारातून आधी ती आत आली आणि मग साहेब.

ताईंनी टेस्ट चालवली. हिरवा! पुन्हा चालवली. हिरवा! तिसऱ्यांदा लाल.

"एक चिठ्ठी कमी भरतेय," ताई म्हणाल्या. "दादा, बघा बरं."

पुटपुटे येऊन उभे राहिले. ताईंनी चालवली. हिरवा!

"काय बघू?"

"आत्ता लाल होता हो!"

"हं," पुटपुटे म्हणाले आणि वळले. त्यांची पाठ फिरते न फिरते तोच दिवा लाल. रात्रभर ठणकणारा दात डॉक्टरांच्या पायरीवर नेमका शहाणा होतो, तशातली गत!

मग ताईंनी युक्ती काढली. प्रत्येक थ्रेडला बोलायला लावलं. 'मी आलो', 'मी चिठ्ठी टाकली', 'मी निघालो', असं पडद्यावर छापत जायचं. म्हणजे चोर कोण ते कळेल. चालवली. हिरवा! दहा वेळा चालवली, दहाही वेळा हिरवा! बोलणं काढून टाकलं. लाल.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "झाली का सही?"

"अहो, कसली सही! गप्प बसवलं की चिठ्ठी गळते, आणि बोलायला लावलं की सगळं जुळतं!"

"बोललं की जुळतं?" नवरा म्हणाला. "आपल्याकडे तर उलटं आहे गं."

ताईंनी फोन ठेवला. कपाळ दुखायला लागलं होतं.

इतक्यात मोठे साहेब लॅपटॉप काखेत मारून आले. "काय ताई, झालं का?" म्हणत खुर्ची ओढून बसले, लॅपटॉपवर टेस्टचं पान उघडलं आणि बघत राहिले. हिरवा, हिरवा, हिरवा! साहेब खूश. "मग अडलंय कुठे?" म्हणत लॅपटॉप मिटून मीटिंगला गेले.

लाल!

पुटपुट्यांचे डोळे विस्फारले. "ताई, हा साहेबांचा पायगुण!"

"काहीतरीच काय!"

"बोलवा परत. बघाच तुम्ही!"

साहेबांना निम्म्या मीटिंगमधून आणलं. बसले, पान उघडलं, हिरवा! लॅपटॉप मिटून पाणी प्यायला गेले, लाल! जाताना कोट खुर्चीवर राहिला होता म्हणून पुटपुट्यांनी त्या कोटाला नीट मशीनकडे तोंड करून बसवलं. तरी लाल. सूचना फलकावरचा साहेबांचा फोटो काढून आणला, मशीनला टेकवला. लालच! कोटाने भागत नव्हतं, फोटोने भागत नव्हतं, सगुण साकार साहेबच पाहिजे होते.

"साहेब, बसा ना जरा," ताई म्हणाल्या.

"साहेब, चहा इथेच मागवू?" पुटपुटे म्हणाले.

एवढं प्रेम साहेबांना या ऑफिसात अजून कुणी दिलं नव्हतं. ते विरघळले. मीटिंगवाले दोनदा बोलावून गेले तरी हलेनात. दिवा हिरवागार!

मग चहा आला. कपाला जागा करायची म्हणून साहेबांनी लॅपटॉप मिटला.

लाल!

तिघेही दिव्याकडे बघत राहिले. साहेब जागेवर, कोट जागेवर, आणि दिवा लाल! लॅपटॉप उघडला, हिरवा. मिटला, लाल. दाराच्या कडीशी खेळणाऱ्या पोरांसारखं तिघांनी आळीपाळीने ते करून पाहिलं.

"हे पान घडीघडी मशीनला विचारतं, झालं का, झालं का," पुटपुटे पुटपुटले. "त्या कटकटीत थ्रेड मंदावतात. मंदावले, की एकमेकांवर आदळत नाहीत."

म्हणजे पायगुण साहेबांचा नव्हता, लॅपटॉपचा होता. साहेबांचा चेहरा जरा उतरला.

"मग सोपं आहे!" पुटपुट्यांनी उसना उत्साह आणला. "लॅपटॉप उघडाच ठेवू. ताई, करा सही!"

"आणि ही लायब्ररी वापरणाऱ्या लोकांचं काय?" ताईंनी विचारलं. " प्रत्येकाच्या घरी एकेक लॅपटॉप उघडून बसवायचा?"

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"मशीन जुनं झालंय," पुटपुटे म्हणाले.

"तापलंही असेल," साहेब म्हणाले.

"वायर सैल असेल," ताई स्वतःच म्हणाल्या, आणि आपलाच आवाज ऐकून त्यांना कसंतरी झालं. वायरीने का कुठे चिठ्ठ्या गळतात!

"ताई," साहेब चहाच्या कपात बघत म्हणाले, "टेस्टच चुकली असेल तुमची. शिकताना होतं असं. आज सही करून टाका, टेस्ट मागाहून नीट करा. शेरा मी लिहून ठेवलाय, चांगला लिहिलाय."

ताईंनी पेन उचललं. कागदावर दोनच चौकोन होते, पास आणि नापास. पासचा चौकोन पेनाच्या टोकाखालीच होता. घरी सांगून ठेवलं होतं. लेकीनेही ते ऐकलं होतं. पण 'टेस्टच चुकली असेल' हे काही केल्या घशाखाली उतरेना. ओळ न् ओळ त्यांनी स्वतः लिहिली होती, पोटच्या पोरासारखी सतरांदा तपासली होती. आपल्या पोराला उगाच खोटं कुणी म्हटलं, तर आई गप्प बसते का?

"साहेब," ताईंचा आवाज एवढा बारीक झाला की पुटपुटेही वाकले, "टेस्ट बरोबर आहे. मशीनही बरं आहे. रांग चुकलीय. तुमची."

ताईंनी डोळे मिटूनच नापासच्या चौकोनात सही केली. गेली पक्की नोकरी!

"मला सोमवारीच दिसलं होतं," टेबलाखालून आवाज आला. पुटपुटे केव्हा आत शिरले कुणास ठाऊक.

ताईंनी एक डोळा उघडला. साहेबांनी कप खाली ठेवला, उठून दार लावून घेतलं आणि परत येऊन त्यांच्या कानाशी वाकले.

"मला त्याच्याही आधी दिसलं होतं," ते कुजबुजले. "पण ताई, जरा हळू बोला हो. माझीही नोकरी अजून पक्की झालेली नाहीये."