तीन नंबरची लाइन

‘पुढचे गाणे’ हे बटण दाबल्यावर पुढचे गाणे लागावे, एवढीच त्या खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरकडून अपेक्षा होती. प्रत्यक्षात गाणे तेच राहिले आणि आवाज इतका चढला, की चाचणी अभियंत्याने इअरफोन कानांतून उपटून टेबलावर फेकले. कारखान्यात त्याला ‘पुरावे’ म्हणत. हे त्याचे आडनाव नव्हते. डोक्यावर पंखा फिरतो आहे, हेही तो पुराव्याशिवाय मान्य करत नसे. म्हणून त्याने इअरफोन पुन्हा घातले आणि बटण पुन्हा दाबले. पुरावा मिळाला. उजव्या कानात शिट्टी वाजू लागली.

ट्रेमधल्या बाकीच्या प्लेअरांनीही तेच केले. उत्पादन थांबवण्याची लाल पाटी त्याच्याच खोलीत टांगलेली होती आणि ती लाइनवर लावण्याचा अधिकार फक्त त्याला होता. तो त्याने कधी वापरला नव्हता. पाटी लावली आणि अंदाज चुकला, तर नोकरी जाणार. लावली नाही आणि एखाद्याच्या कानाचा पडदा फाटला, तर काय जाणार, हे गणित त्याला सुटेना.

त्याने मॅनेजरांना गाठले.

“प्लेअरची एकही तक्रार नाही,” मॅनेजर घाईघाईने म्हणाले. “या वर्षात एकही नाही. तुमचं चालू द्या.”

हे ऐकून तो जास्तच घाबरला. शून्य तक्रारींचे दोनच अर्थ संभवत होते : मोजणारा खोटे बोलतो आहे, किंवा ग्राहकच नाहीत. दुसरी शक्यता त्याने पोरकट म्हणून बाजूला सारली.

“मग लावून टाक पाटी,” रात्री जेवताना बायको म्हणाली.

“नमुना लहान आहे. आणखी नग तपासायला हवेत.”

“कान किती आहेत तुला? तो नमुना तुझ्या ट्रेपेक्षाही लहान आहे.”

“ओरडू नकोस.”

“मी नेहमीसारखंच बोलतेय. डाव्या बाजूला येऊन बसू का?”

सकाळी पाटी काखेत मारून तो तीन नंबरच्या लाइनवर पोहोचला. पट्ट्यावरून गुलाबी हेअर ड्रायर ओळीने सरकत होते.

“बापू, प्लेअर कुठायत?” त्याने सुपरवायझरला विचारले आणि खिशातून एक काढून दाखवला.

बापूंनी तो दिवंगत नातेवाइकाचा फोटो पाहावा तसा पाहिला. “हा तर कधीच बंद झाला, साहेब.”

“बंद? मला कुणी सांगितलं नाही.”

“कुणालाच सांगितलं नाही. एक दिवस प्लेअरचे भाग आले नाहीत, दुसऱ्या दिवशी ड्रायरचे आले. झालं.”

“मग माझ्याकडे रोज ट्रे येतो तो?”

बापूंनी आवाज खाली आणला. “उरलेले आहेत थोडे. सकाळी तुमच्याकडे, संध्याकाळी परत कपाटात. प्लेअर नाही म्हटल्यावर तुमची खुर्ची कशाला, आणि तुमच्या वरची मॅनेजरसाहेबांची तरी कशाला?”

तेच प्लेअर, तीच बटणे, महिनोन्‌महिने त्याच्याच अंगठ्याखाली झिजलेली. कारखान्याने त्यांत दोष ठेवला नव्हता. तो त्यानेच, रोज, अत्यंत काटेकोरपणे घातला होता. पाटीची गरज उरली नव्हती; त्याचीही नव्हती. तो परत फिरला आणि खोक्यांपाशी थबकला. प्रत्येक खोक्यावर हिरवा स्टिकर होता, आणि स्टिकरवर त्याची सही.

“बापू, ड्रायर मी तपासलेलेच नाहीत.”

“स्टिकरवर ड्रायर कुठे लिहिलंय? ‘लाइन तीन, उत्तीर्ण’. तुमच्याकडून रोज येतात ते पुरतात आम्हाला.”

त्याने पाटी लावली. ती आधी उलटी लागली. पट्टा थांबला आणि मॅनेजर धावत आले.

“कशात दोष सापडला?”

प्लेअरमध्ये म्हणावे तर प्लेअर नव्हता. ड्रायरमध्ये म्हणावे तर पुरावा नव्हता.

“अजून माहीत नाही,” तो खरे तेच बोलला. “ड्रायर द्या. तपासून सांगतो.”

मॅनेजरांनी घाम पुसला. “तपासा. पण प्लेअरचं कुठे बोलू नका.”

“आणि त्याचा ट्रे?”

“येत राहील.”

ड्रायर निर्दोष निघाले. याचे त्याला आश्चर्य वाटले, आणि किंचित वाईटही. मात्र एकच माणूस दोन उत्पादने तपासतो आहे, हे वरच्यांच्या नजरेत भरले आणि त्यांनी तत्परतेने एक सहायक मंजूर केला. प्लेअर आता हा सहायक तपासतो. माणूस कष्टाळू आहे, नुकतेच लग्न झाले आहे, आणि त्याला कायम करायचे की नाही हे प्लेअरच्या खपावर ठरणार आहे.

रोज सकाळी तो अदबीने विचारतो, “साहेब, खप कसा आहे?”

“एकही तक्रार नाही,” अभियंता म्हणतो, आणि ड्रायर चालू करतो.