साहेबाचा नैवेद्य

दुष्काळात गावच्या दूध संस्थेत दूध येईना, जनावरं छावणीत गेली, तेव्हा संचालक मंडळाने गुजरातेतल्या डेअऱ्या पाहून यायचा ठराव केला. घरात दाणा नसताना जात्याची चौकशी करावी, तसलाच हा प्रकार. पण दौरा संस्थेच्या खर्चाने आणि बायकांसकट होता, म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला. सुरतेला पोचले तर डेअरीला सुट्टी. रिकामं कुठे बसणार, म्हणून ड्रायव्हरने सगळ्यांना इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत नेऊन सोडलं.

तिथली थडगी कसली, देवळंच ती. घुमट, खांब, कमानी, चढायला पायऱ्या. संचालक धोंडीराम यांच्या पत्नी बायनाबाई घुमट दिसला की हात जोडणाऱ्यांपैकी. धोंडीराम चपला काढेपर्यंत त्यांनी सगळ्यात मोठ्या घुमटाखाली नारळ फोडला आणि सगळ्यांसमक्ष नवसही बोलून टाकला: यांना चेअरमन कर, तुझ्या आवडीचा नैवेद्य घेऊन येतील. तेवढ्यात रखवालदार धावत आला. हा देव नाही, कुठल्याशा कंपनीचा साहेब आहे आणि पिऊन पिऊन मेला म्हणतात, असं त्याने हिंदीत ऐकवलं. बायनाबाईंचा चेहरा उतरला. बोललेला नवस थोडाच गिळता येतो?

पुढच्याच महिन्यात निवडणुकीत दोन गट हमरीतुमरीवर आले आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले धोंडीराम बिनविरोध चेअरमन झाले. खुर्ची त्यांना एवढी गोड लागली की जेवायलाही ते घरी उशिरा जाऊ लागले. नवस विसरले. मग माजी चेअरमन अर्जुनराव अविश्वास ठरावासाठी सह्या गोळा करू लागले आणि बायनाबाईंनी काय ते ओळखलं.

"नवस फेडला न्हाई, म्हणून हाय हे," त्या म्हणाल्या. "सुरतेला जावा."

"पुरणपोळ्या कर, जातो."

"सायबाला पुरण घेऊन काय करायचंय? त्याला काय लागत हुतं, ते ऐकलंय न्हवं तुमी?"

धोंडीरामांच्या गळ्यात तुळशीची माळ. दारूच्या दुकानाची सावलीसुद्धा त्यांनी आजवर अंगावर पडू दिली नव्हती. पण खुर्ची जायची म्हटल्यावर त्यांना रात्री झोप लागेना. गावात बोभाटा नको म्हणून ते केजला गेले आणि उपरण्याने तोंड झाकून त्यांनी बाटली मागितली.

"चेअरमन, पिशवी देऊ का?" दुकानदार म्हणाला.

बाटलीवर त्यांनी हट्टाने करून घेतलेल्या पुरणपोळ्यांचा डबा ठेवला आणि एसटी धरली. गुजरातेत दारूबंदी आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सीमेवर पोलीस गाडीत चढले आणि डबा उचलताच खालून बाटली निघाली. हा नैवेद्य आहे, असं धोंडीरामांनी सांगितलं. कोणत्या देवाचा, असं विचारल्यावर त्यांना खोटं बोलवेना, सगळं खरं सांगून टाकलं. पोलीस पोट धरून हसला. माळेकडे पाहून त्याला दया आली असावी. त्याने बाटली रस्त्यावर ओतली आणि धोंडीरामांना सोडून दिलं.

नुसता डबा घेऊन ते दफनभूमीत पोचले, तर साहेबाच्या पायरीवर अर्जुनराव बसलेले. बायनाबाईंचा नवस त्यांनीही ऐकला होता, आणि फळलेलाही पाहिला होता.

"तुमी कावून आलात?" धोंडीरामांनी विचारलं.

"तुमी आलात त्याच्यासाठीच."

"बाटली?"

"बॉर्डरवर गेली. तुमची?"

"तितंच."

खुर्ची एक, साहेब एक आणि मागणारे दोघेही रिकाम्या हातांचे. धोंडीरामांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. शेवटी त्यांनी डबा उघडून दोन पोळ्या थडग्यापुढे ठेवल्या. उरलेल्या पोळ्या दोघांनी वाटून खाल्ल्या, कारण भुकेला गट नसतो. एवढी ओढाताण चाललीय, म्हणजे संस्थेत दूध तरी किती येतं, असं सगळी हकीगत ऐकून घेतलेल्या रखवालदाराने विचारलं. दोघेही पोळी चावत राहिले.

इतक्यात बायनाबाईंचा फोन आला. दूधच येत नाही म्हणून वरच्या कार्यालयाने संचालक मंडळ बरखास्त केलं होतं आणि खुर्चीवर सकाळीच प्रशासक येऊन बसला होता. धोंडीरामांनी हे अर्जुनरावांना सांगितलं. अर्जुनरावांनी खिशातला सह्यांचा कागद काढून त्याला बोटाचं तूप पुसलं.

"नैवेद्य काय दावला?" फोनवर बायनाबाईंनी विचारलं.

"पुरणपोळी."

"सांगितलं हुतं मी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.