कार्यालयीन वेळेत पारवे आढळले नाहीत

मंद्रूपच्या रस्त्याला असलेल्या एका वस्तीवर चन्नप्पाने हरभरा पेरला आणि पारव्यांनी तो वेचून खाल्ला. घटना एवढीच आहे. ती एवढीच राहिली असती, तर चन्नप्पाने पुन्हा पेरले असते, त्याच्या म्हाताऱ्या आईने, नागव्वाने, बांधावर उभे राहून गोफण फिरवली असती आणि निम्मा हरभरा तरी उगवून आला असता. घरी राखलेल्या बियाण्याचे एक पोते शिल्लक होते. रानात ओलही होती. परंतु चन्नप्पाच्या हातून एक चूक झाली. त्याने शासनाला कळवले.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका इमारतीत तेव्हा ‘पीकसंरक्षण (पक्षी) कक्ष’ नावाचे एक कार्यालय होते. कक्षाचे प्रमुख इंद्रजीत साहेब हे पक्षीप्रेमी गृहस्थ. जुळे सोलापुरातल्या आपल्या गच्चीवर ते रोज सकाळी पारव्यांना हरभरे टाकत, कारण त्यांना शनीचा त्रास होता आणि ज्योतिष्याने हाच उपाय सांगितला होता. हरभरे टाकून झाले की हात झटकून ते पारव्यांच्या बंदोबस्तासाठी कार्यालयात येत. यात काही विसंगती आहे असे त्यांना कधी वाटले नाही. माझीच समजूत कमी असेल.

साहेब तोफ घेऊन वस्तीवर आले. गॅसवर चालणारी, ठरावीक वेळाने आपोआप बार काढणारी, शासनमान्य तोफ.

“आता निवांत झोपा,” साहेब म्हणाले. “हिचा आवाज ऐकून पारवा काय, बिबट्या थांबायचा नाही.”

“आन् गोफण?” नागव्वाने विचारले.

“गोफण बंद. एकाच गटात दोन साधनं वापरली तर दुबार लाभ होतो, आजी. मग चौकशी लागते.”

“कुणाची?”

“तुमची.”

नागव्वाने गोफण गुंडाळून कमरेला खोचली. चन्नप्पाने तोफेच्या भरवशावर शेवटचे पोते पेरून टाकले.

पहिला बार झाला तेव्हा सगळे पारवे उडून दिसेनासे झाले. चन्नप्पाने तोफेला नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी पारवे उडाले, रानावर एक गिरकी घेतली आणि होते तिथे बसले. पुढे पुढे ते उडेनासे झाले; बार झाला की फक्त माना वर करीत आणि पुन्हा खाली घालीत. आठवडा सरता सरता दोघे-तिघे तोफेच्याच नळीवर ऊन खात बसलेले दिसू लागले. आवाजाचा परिणाम झाला तो फक्त चन्नप्पाच्या म्हशीवर. ती आटली.

तरीही यात, पारव्यांच्या बाजूने, सुधारणेला वाव होता. तोफ फक्त पेरलेल्या रानातच बसवली जाते, ही गोष्ट आसपासच्या पारव्यांच्या ध्यानात आली. बार झाला की पंगत मांडली असे समजून ते लांबलांबून येऊ लागले. चन्नप्पाने साहेबांना फोन लावला.

“साहेब, पाखरं तोफंवर बसाय लागल्यात.”

“तोफ वाजते का?”

“वाजती की.”

“मग यंत्र सुस्थितीत आहे. ऐकायचं की नाही, हा पक्ष्याचा प्रश्न झाला.”

“पर बी संपत आलंय की, साहेब! ह्येच्या म्होरं माज्याकडं दाणा न्हाय.”

हे ऐकून कक्षाने उपाययोजनेचा दुसरा टप्पा मंजूर केला. बंदूक परवानाधारक बिरुदेव यांची नेमणूक झाली. अटी तीनच होत्या. पक्ष्याला इजा होता कामा नये. गोळी आभाळाकडेच झाडावी. आणि गोळीबार कार्यालयीन वेळेत व्हावा.

पारवे उजाडताना येत. बिरुदेवची पांढरी जीप ऊन चढल्यावर येई.

“बिरुदेवा, पाखरू न्याहारीला येतंय, आन् तू जेवणाच्या टायमाला,” नागव्वा म्हणाली.

“आजी, माजी ड्युटी धाची हाय. पाखरांस्नी तसं कळवाय पायजे.”

“मग कळव की. तुज्या साहेबाच्या गच्चीवर रोज भेटत्यात म्हनं.”

पारव्यांनी बंदुकीचाही अभ्यास केला. जीप दिसली की ते शेजारच्या रानात जाऊन बसत, जीप वळली की परत येत. बिरुदेव बंदुकीशिवाय उतरला, तर त्याच्या पायाशी चरत. आणि गोळी नेहमी वरच जाते हे कळल्यावर त्यांनी उडणेच सोडले. गोळीबार चालू असताना त्या रानातली सर्वांत सुरक्षित जागा जमीन होती, आणि हरभराही जमिनीतच होता.

मग मूल्यमापनाचा दिवस उगवला. चार गाड्या आल्या, मांडव उभा राहिला, फेटे बांधले गेले. साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावून भर दुपारी रान न्याहाळले. एकही पारवा नव्हता.

“शंभर टक्के यश!” साहेब म्हणाले. “लिहून घ्या. कार्यालयीन वेळेत पारवे आढळले नाहीत.”

“साहेब,” चन्नप्पा हात जोडून म्हणाला, “पाखरं न्हाईत, कारन खायाला दाणाच न्हाय राह्यला. रान बघा की. एक कोंब दावा मला.”

साहेबांनी दुर्बीण खाली घेतली आणि पहिल्यांदाच नुसत्या डोळ्यांनी रान पाहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे पारवे पुन्हा येणारच नाहीत?”

“कशाला येतील?”

“मग उपाय कायमस्वरूपी ठरला,” साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. शेजारच्या सहा गावांना तोफा मंजूर झाल्या.

चन्नप्पाला टाळ्या नको होत्या, बी हवे होते. रानात अजून थोडी ओल होती. आठवड्यात पेर झाली असती तर हंगाम हाती लागला असता. तो सात रस्त्याला गेला आणि कार्यालयाच्या दारातच ओरडला, “माजं बी द्या!” सगळा कक्ष ताडकन उभा राहिला. कोणी पाणी आणले, कोणी खुर्ची दिली, साहेब स्वतः बाहेर आले. “बघतो,” म्हणाले. दोन दिवसांनी तो पुन्हा गेला. ओरडला. निम्मे लोक उठले, दारापर्यंत येऊन परत गेले. तिसऱ्या वेळी फक्त माना वर झाल्या.

चौथ्या वेळी तो नागव्वाला घेऊन गेला, आणि पाखरे हाकलायचे घरचे पितळी ताटही. कार्यालयाच्या मधोमध उभे राहून त्याने ताटावर लोखंडी पळी हाणली. खिडकीबाहेरच्या कठड्यावर पारवे बसले होते. ते उडाले, एक गिरकी घेऊन परत बसले. आतली माणसे दचकून उठली, आपापल्या टेबलाभोवती एक फेरी मारली आणि परत बसली. दुसऱ्यांदा पळी हाणली तेव्हा कठड्यावरचेही हलले नाहीत आणि आतलेही नाहीत. साहेबांनी डबा उघडला होता.

“अय्यो शिव,” नागव्वा म्हणाली. “चन्नू, चल घरला. ही त्यातलीच हायेत.”

ते वस्तीवर पोचले तेव्हा रानाला भेगा पडू लागल्या होत्या. त्या साली तिथे काही पेरले गेले नाही. तोफ मात्र अजून वाजते. ती बंद करायला वेगळी मंजुरी लागते.

मी हे लिहावे की नाही, याचा बराच विचार केला. लिहून काय होते, असे वाटत होते. पण वाचताना मध्येच तुम्ही एकदा मान वर केलीत, हेही काही कमी नाही. आता खाली घाला. चहा निवतो आहे.