सरपंचांचा पट्टा

आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यांच्या बागेत रोज संध्याकाळी साडेपाचला सगळ्यांत आधी जो प्राणी शिरतो, तो कुत्रा नसतो. ते बबनअण्णा असतात. कुत्रा बाहेर फाटकाशी बसून राहतो आणि अण्णा काठी घेऊन एकटेच आत जातात. पाण्याच्या टाकीमागे काठी घालून ढवळतात. कडुनिंबाखाली उभे राहून मान मोडेपर्यंत वर बघतात. जाळीला चारही बाजूंनी हिसके देतात. मग फाटकाशी येऊन खड्या आवाजात सांगतात, "लाईन क्लिअर हाय. या, सरपंच."

मग कुत्रा आत येतो. सरपंच हे त्या कुत्र्याचं नाव, आणि अण्णा त्याला अहो-जाहो करतात. बी विंगमध्ये एक खरेखुरे माजी सरपंच राहतात. त्यांनी या नावाला हरकत घेतली, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, "तुमी माजी हाय. हे चालू हायती."

आता या बागेबद्दल. बिल्डरच्या माहितीपत्रकात हिरवळीवर लोळणारा सोनेरी कुत्रा होता आणि खाली 'श्वान उद्यान' असं लिहिलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! जुन्नरच्या भर वस्तीत चार तीनमजली इमारती एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या आहेत, आणि मध्ये उरलेल्या चिंचोळ्या मोकळ्या जागेला कोंबड्यांची जाळी मारली आहे. आत एक नळ, दोन सिमेंटची बाकडी आणि अर्धं पुरलेलं ट्रॅक्टरचं टायर. कुत्र्यांनी त्यातून उड्या माराव्यात अशी बिल्डरची कल्पना होती. जगातल्या सगळ्या टायरांचा कुत्री जो उपयोग करतात, तोच त्यांनी याही टायरचा केला. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या कुत्री आपली आपण फिरून घरी येत आली, तिथे त्यांना बाग काढून द्यायची बुद्धी ज्याला झाली, त्याला कोपरापासून नमस्कार.

मी तिथे हौसेनं जात नाही. माझ्या मुलानं हौसेनं लॅब्रेडॉर आणला, त्याचं नाव ऑस्कर ठेवलं, आणि पुण्याला नोकरीला निघून गेला. ऑस्कर राहिला. बत्तीस वर्षं शाळेत लोकांची पोरं सांभाळली, निवृत्तीनंतर मला ही बढती मिळाली. सोसायटीची सेक्रेटरीही मीच, कारण मीटिंगमध्ये बाकी सगळे खाली बघत होते.

बबनअण्णा मूळचे पिंपरी पेंढारचे. सगळी नोकरी वायरमन म्हणून झाली आणि त्यांच्या डोक्यातली वीज अजून तोडलेली नाही. सतत भुंकणाऱ्या पॉमेरेनियनला पाहून ते म्हणतात, "ह्याचं अर्थिंग गेलंय." दोन कुत्री भिडली की, "फेज टू फेज लागलं, लांब व्हा!" माझा ऑस्कर दिवसभर झोपतो. त्याच्याकडे त्यांनी एकदा बराच वेळ निरखून पाहिलं. "तुमचा ट्रान्सफॉर्मर जळालाय, बाई. नुसता डबा ऱ्हायलाय." विचारल्याशिवाय सल्ला देणाऱ्या माणसांचा मला राग आहे. तो हक्क मी फार वर्षं एकटीनं वापरला आहे.

दोन वर्षांपूर्वी ते ए विंगच्या तळमजल्यावर, जिन्यामागच्या खोलीत भाड्यानं आले. गाव का सोडलं, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे. "गुडघं. दवाखाना जवळ पायजे." दवाखान्याची एवढी ओढ असलेला हा माणूस मी कुठल्याही दवाखान्याची पायरी चढताना पाहिला नाही. घरमालकानं अट घातली होती, की कुत्रा जिन्यात, पार्किंगमध्ये किंवा रस्त्यावर मोकळा दिसला तर खोली खाली करायची. बागेत मात्र चालेल. त्यामुळे ही दरिद्री बाग अण्णांना राजाच्या बागेसारखी होती.

राहता राहिला पट्टा. सरपंच हा पांढरट रंगाचा, एका कानाचा, म्हातारा गावठी कुत्रा. त्याच्या गळ्यात चार बोटं रुंद चामड्याचा पट्टा, आणि त्यावर बाहेरच्या बाजूला टोकं काढलेल्या खिळ्यांच्या दोन रांगा. आमच्या तालुक्यात मळ्यांवर असे पट्टे दिसतात. बिबट्या कुत्र्याची मान धरतो, म्हणून. पण ते उसाच्या कडेला राहणाऱ्यांचं. मी अण्णांना विचारलं, "इथे बिबट्या काय लिफ्टनं येणार आहे?"

"लिफ्ट बंद हाय, बाई," ते म्हणाले. "जिन्यानं यील."

लिफ्ट खरंच बंद होती आणि ती दुरुस्त करून घेणं हे सेक्रेटरीचं काम होतं. हे मला फार लागलं.

त्याच आठवड्यात ऑस्करनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी मैत्री करायला तोंड पुढे केलं आणि सरपंचांच्या पट्ट्यावर त्याचं नाक फाटलं. रक्त आलं. ऑस्कर तीन दिवस पलंगाखालून बाहेर आला नाही. चौथ्या दिवशी मी मीटिंग बोलावली. भाडेकरूंना मीटिंगला बोलवायची पद्धत नाही, तेव्हा अण्णा नव्हतेच. ठराव मी स्वतः लिहिला: 'अणकुचीदार वा इजा पोहोचविणारा पट्टा परिधान केलेल्या श्वानास सोमवारपासून उद्यानात प्रवेश मिळणार नाही.' 'परिधान केलेल्या श्वानास' या शब्दांवर मी मनातून खूश होते. एकमतानं मंजूर झाला.

शनिवारी दुपारी मी नोटीस घेऊन अण्णांच्या खोलीवर गेले. खाटेवर गोधडी घालून सरपंच पहुडले होते आणि खाली चटईवर अण्णा बसले होते. गावाहून त्यांची भावजय आली होती आणि मेथी निवडत होती. अण्णांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. 'अणकुचीदार'पाशी दोनदा अडखळले.

"झ्याक लिवलंय," ते म्हणाले.

भावजयीनं मेथी बाजूला सारली. "काय लिवलंय?"

"पट्टा काढा, न्हाईतर बागंत येऊ नका."

"मंग बरं झालं! चला घरी." ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी तरी सांगा ह्यास्नी. गावाला इहीर हाय, स्लॅबचं घर हाय, त्याला कुलूप घालून हितं जिन्याखाली ऱ्हात्यात. लोकं म्हातारपणी पोरापाशी जात्यात. हे कुत्र्यापायी आलं!"

"गुडघं..." अण्णा पुटपुटले.

"गुडघ्याला काय धाड भरलीया?"

मला हसू आलं. माणसं पोरांच्या शाळेसाठी गाव सोडतात, नोकरीसाठी सोडतात. कुत्र्यासाठी गाव सोडणारा महाभाग मी प्रथमच पाहत होते, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. अण्णांनी नोटिशीची नीट घडी केली.

"आमची मंडळी गोठ्यात व्हती," ते म्हणाले. "दिस मावळायच्या येळंला. वाघ उसातनं सरळ तिच्यावर आला. हे मधी पडलं. कान गेला, नरडं फाटलं, पन सोडलं न्हाई. आमी बिबट्याला वाघच म्हनतो, बाई." नोटीस खिशात ठेवत ते पुढे म्हणाले, "मंडळी नंतर दोन वर्सांनी गेली. आजारानं गेली. आपल्या खाटंवर, माझा हात धरून गेली. ती दोन वर्सं ह्यानं काढून दिली. त्यानंतर वाघ दोनदा आला, ह्याच्यासाठी. आता ह्याला पळवत न्हाई. पट्टा हाय म्हनून वाचलं."

वीज, फेज, अर्थिंग, काहीच नाही. पहिल्यांदाच ते माझ्याशी एवढं सलग, साध्या मराठीत बोलले होते. भावजय पदरानं डोळे पुसत पुन्हा मेथी निवडू लागली.

त्याच वेळी ती नोटीस परत घ्यायला हवी होती. मी घेतली नाही. नियम सगळ्यांना सारखा, असं मी जिना चढताना स्वतःला बजावलं. मुलांना मी जन्मभर हेच शिकवलं होतं. मला माझीच शरम वाटत होती आणि त्याचा रागही अण्णांवरच येत होता.

सोमवारी साडेपाचला मी ऑस्करला घेऊन बाकड्यावर जाऊन बसले. अण्णा येऊ नयेत असं वाटत होतं, आणि आले नाहीत तर काय, अशी भीतीही वाटत होती. ते आले. फाटकाशी वाकून त्यांनी पट्ट्याचं बक्कल सोडलं. पट्टा जाळीला अडकवला. सरपंचांची मान मी प्रथमच पाहिली. तिथे केस नव्हते, नुसते पांढरे वळ होते.

मग अण्णांनी आपला उजवा पंजा त्या मानेभोवती धरला आणि तसेच, कमरेत वाकून, कुत्र्याबरोबर आत आले. कुत्रा चालला की ते चालत. कुत्रा टायरपाशी थांबला की ते थांबत. सरपंच मातीत बसले तेव्हा अण्णा कण्हत गुडघे टेकून शेजारी बसले. तेव्हा मला दिसलं, की गुडघे खरोखरच दुखत होते. पॉमेरेनियनची मालकीण हसू दाबत मोबाईलवर शूटिंग करत होती. अण्णांची नजर कडुनिंबाच्या फांद्यांवर होती.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. "अण्णा, घाला तो पट्टा. मी सेक्रेटरी आहे, मी सांगते."

"ठराव झालाय, बाई. एकट्या सेक्रेटरीला मोडता येत न्हाई."

"मग हात तरी काढा. कंबर जाईल तुमची."

"जाऊ द्या," ते म्हणाले. "हाताला खिळं न्हाईत. कुनाला लागायचं न्हाई."