पोचूभाऊचा मध आणि सुनिलची छत्री

"मामाजी, दोर लागतच नाई," सुनिलनं छातीवर हात ठेवून सांगितलं. "अंतराळातून क्विंटल-क्विंटल सामान बिनदोराचं खाली येते. तुमचा दोन किलोचा डबा काऊन नाई येणार?"

आता ही फुशारकी मारायची जागा नव्हती. आलापल्लीच्या जंगलातल्या त्या गावात पोचूभाऊच्या घरची रीत ठरलेली: मध काढायला सासरा झाडावर, खाली दोर धरायला होणारा जावई. डबा सुखरूप उतरला तर पोरगी दिली. आपटला तर पाहुण्यानं चप्पल शोधायची. आणि आश्रमशाळेतला हा विज्ञानाचा मास्तर पोचूभाऊच्या पोरीसाठी, दीपालीसाठी, दोन वर्षं झुरत होता.

"परीक्षा तुमची, युक्तीही तुमचीच," म्हणत पोचूभाऊ डबा कमरेला बांधून चढले. डब्याला चार दोऱ्यांनी छत्रीसारखी चादर बांधलेली. चादरीवरचा कशिदा दीपालीनं भरलेला, तोही पणाला लागला.

खाली दीपालीच्या आईनं, बुधरीमामीनं विचारलं, "ते अंतराळातलं यान उतरते तरी कसं?"

"आधी उलटं फिरून इंजिन पेटवते, वेग मोडते. मंग हवेत घुसलं का निखाऱ्यावानी तापते, पण बुडाची ढाल सारं सोसते. शेवटी छत्र्या उघडतात आन समुद्रात उतरते."

"आन समुद्रात म्हैस बसली असली तं?"

"समुद्रात म्हैस नसते, मामी."

दीपाली तोंड फिरवून हसली.

तासाभरानं झाडावरून, माश्या हाकायच्या धुरातून पोचूभाऊचा आवाज आला, "डबा भरला. सोडू काय?"

सुनिल ओरडला, "सोडा!"

डबा सुटला तो सरळ धोंड्यासारखा. चादर मिटलेलीच. एक फांदी गेली, दुसरी गेली. उघड माय, उघड, सुनिल पुटपुटत होता. त्याला डब्यात मध दिसतच नव्हता, दीपालीच दिसत होती. इतक्यात फट्कन चादर फुगली आणि डबा झुलत हळूहळू उतरू लागला. सुनिलनं श्वास सोडला.

तेवढ्यात वारा आला. यानवाले उतरायच्या आधी वारा मोजतात. मास्तरानं मोजले होते लग्नाचे मुहूर्त. डबा बांधावरून तरंगत थेट बोडीकडे, शेतालगतच्या तळ्याकडे निघाला. पाणीच आहे, वाचलो, असं सुनिलला वाटलं. मग त्या पाण्यात दोन शिंगं दिसली.

पोचूभाऊची म्हैस डुंबत होती. दोऱ्या शिंगांत अडकल्या, डबा मानेवर आदळला, आणि म्हैस उधळली. समुद्रात जहाज येऊन यान उचलून नेते. इथं जहाजच यान घेऊन पळालं! सुनिल मागं धावला, धानाच्या चिखलात तीनदा आडवा झाला.

तो गोठ्यात पोचला तेव्हा म्हैस आपल्या गव्हाणीपाशी रवंथ करत उभी होती. गळ्यात डबा, झाकण घट्ट.

"मी इचारलं होतं ना," बुधरीमामी म्हणाली.

पोचूभाऊ आले. झाकण उघडलं, बोट बुडवून चाखलं. 

"डबा सुखरूप आला. पोरगी दिली," ते म्हणाले. "पण मास्तर, डबा आणला म्हशीनं. वरातीत पुढं ती राहीन, तुम्ही मांगून या."

सुनिलनं मान हलवली. अंगावरचा चिखल वाळून कडक झाला होता, मानच तेवढी हलत होती.