श्रमसाफल्यच्या चाव्या

परबकाका आधी ऐकू येत, मग दिसत. लग्न होऊन मी मरोळच्या 'श्रमसाफल्य'मध्ये आले, त्या पहिल्याच सकाळी जिन्यात छुमछुम ऐकून मला वाटलं, इथे पहाटे नाचाचा क्लास चालतो की काय! दार उघडून बघते तर समोरच्या ब्लॉकमधून खाकी हाफपँट, बनियन आणि कॅनव्हासचे बूट घातलेले एक पन्नाशीचे गृहस्थ बाहेर पडत होते आणि त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. "सूनबाई, चावी ठेवायची असेल तर ठेवा हो," एवढं बोलून ते धावत जिना उतरले. नाव नाही, गाव नाही, थेट चावी. मी घाबरून कडी लावून घेतली.

"अगं, ते परब," माझ्या सासूबाई, म्हणजे माई म्हणाल्या. "सगळ्या बिल्डिंगच्या चाव्या त्यांच्याकडे असतात. आपलीही असते." नव्या सुनेला देव दाखवावा तशा सुरात त्यांनी मला परबकाका दाखवले.

आमच्या बिल्डिंगमध्ये नवराबायको दोघं नोकरीला जाणारी घरं बरीच. प्रत्येकाची यायची वेळ वेगळी. दोन किल्ल्या केल्या की दोन्ही हरवतात, हा श्रमसाफल्यचा अनुभव. म्हणून शेवटी बाहेर पडणाऱ्याने कुलूप लावायचं, किल्ली परबकाकांना द्यायची आणि पहिल्या येणाऱ्याने ती मागून घ्यायची. परबकाकांची गिरणी संपात बंद पडली, त्यानंतर ते आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले होते. दुपारी शाळा सुटली की पोरं भिंतीखाली उभी राहून "काकाऽ, चावी!" असं ओरडत आणि भिंतीवरून नेमकी त्या घराची किल्ली खाली पडे. नोकरी ही त्यांना भिंतीपलीकडे बसायला मिळालेली जागा होती. खरं काम भिंतीच्या अलीकडे.

प्रत्येक कुलपाचा स्वभाव त्यांना पाठ होता. आमचं कुलूप रुसकं. "त्याला जरा वर उचलून घ्या, सूनबाई, मग ऐकतं." दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचं सरळमार्गी. तळमजल्यावरच्या साठेआजोबांचं साठेआजोबांसारखंच, आधी कुरकुरणार, मग उघडणार. संध्याकाळी माई देवळात गेलेल्या असत आणि दमून आलेली मी घाईघाईने किल्ली फिरवायला लागले की मागून आवाज येई, "घाई कित्याक? कुलूप काय पळान जातला?" एरवी ते आमच्यासारखंच बोलत, पण खूश झाले किंवा घाबरले की त्यांची मालवणी उसळून वर येई. हे वाक्य मात्र बारमाही मालवणीच.

त्यांचं तत्त्व एकच. घर असून माणसाने दाराबाहेर उभं राहणं म्हणजे पाप. इतक्या वर्षांत आपल्यापायी कोणी दाराबाहेर तिष्ठलं नाही, याचा त्यांना असा अभिमान होता की एखाद्याला मुलगा कलेक्टर झाल्याचा नसेल.

एकदा माईंनी विचारलं, "परब, तुमची स्वतःची किल्ली कुठे असते हो?"

"ती काय, इथेच. कमरेला."

"मग आमच्याकडे ठेवत जा की."

"माई, चावी शेजारी ठेवतात ती मागून कोणीतरी यायचं असतं म्हणून. माझ्या मागून कोण येणार?" असं म्हणून ते मोठ्याने हसले. ते हसले म्हणून आम्हीही हसलो. लग्न का केलं नाही, हे विचारण्याइतकी जवळीक माईंची होती, पण त्यांनीही ते कधी विचारलं नाही.

त्यांचं धावणंसुद्धा किल्ल्यांमुळेच सुरू झालं. कोणी किल्ली घ्यायची विसरून नाक्यापर्यंत गेलं की हे मागे धावणार. कोणाला यायला उशीर झाला तर स्टॉपवर किल्ली पोचवणार. या सगळ्यावर कळस झाला तो मनोरीला. कुलकर्णी मंडळी सहलीला मनोरीला गेली होती आणि इकडे परबकाकांना अचानक गावी निघावं लागलं. कुलकर्ण्यांची किल्ली दुसऱ्याकडे सोपवून जायचं की नाही? छे! ज्याने दिली त्याच्याच हातात परत, हा नियम. बस येईना, तेव्हा हे मरोळहून सरळ धावत सुटले ते मार्व्याच्या धक्क्यापर्यंत. तिथून होडीने पलीकडे. कुलकर्णी तळलेल्या बोंबलाचा पहिला घास तोंडात घालतायत, तोच मागे छुमछुम. घास हातातच राहिला म्हणतात.

"परब, तुम्ही मॅरेथॉनच धावा आता," कुलकर्णी म्हणाले. ते चेष्टेने म्हणाले होते. पण परबकाका चेष्टा ऐकून घेत आणि विचार म्हणून घरी नेत. गावाहून आले ते आमच्या ह्यांना विचारतच, की या मॅरेथॉनचा अर्ज कुठे मिळतो.

मग काय, सगळी बिल्डिंग तयारीला लागली. माईंची नाचणीची भाकरी सुरू झाली. कुलकर्णीबाईंनी ग्लुकोजचा डबा दिला. साठेआजोबांनी "या वयात हृदय बंद पडतं" हा सल्ला दिला, तो रोज दिला. आमचे हे कोच झाले. कोच म्हणजे काय, तर गॅलरीत चहा पीत उभं राहायचं आणि घड्याळ बघून "परब, स्पीड वाढवा" म्हणायचं. स्वतः ह्यांना दूध आणायला पाठवलं तरी वाटेत दोनदा बसणारा हा माणूस!

अडचण एकच होती. सकाळी सहापासून लोक कामाला निघत, तेव्हा किल्ल्या घ्यायला परबकाका जागेवर हवेत. म्हणून आठवडाभर ते फक्त बिल्डिंगभोवती धावत. घाण्याच्या बैलासारखे. दर फेरीला कोणीतरी खाली उतरलेलं असे, ते हात पुढे करी आणि हे न थांबता किल्ली घेऊन पुढे जात. रविवारी मात्र लोक घरी आणि किल्ल्याही घरी. त्या दिवशी ते आरे कॉलनीच्या रस्त्याला लागत आणि उन्हं वर आल्यावर घामाने निथळत, पण राजासारखे चालत परत येत. मोकळ्या कमरेने धावताना कसं वाटतं, असं मी एकदा विचारलं. "चुकल्यासारखं वाटतं," ते म्हणाले.

मॅरेथॉनच्या दिवशी आम्ही टेम्पो ठरवला. त्यांना पहाटे शहरात सोडायचं, आपण वरळीला समुद्रावर उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि दुपारी जेवायला घरी. शर्यत संपली की ते बसने येणार होते. साठेआजोबा आणि आजी तेवढे मागे राहिले. बाकी झाडून सगळी बिल्डिंग खाली उतरली. आता काय झालं ते नीट सांगते, कारण अशी चूक आमच्याच बिल्डिंगमध्ये होऊ शकते. प्रत्येकाने दाराला कुलूप लावलं, टेम्पोजवळ आला आणि सवयीने किल्ली परबकाकांच्या हातात दिली. आणि त्यांनी सवयीने ती घेऊन जुडग्यात अडकवली. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आमचीही किल्ली मीच दिली, आणि मी बी.ए. आहे.

टेम्पोत जुडगा खुळखुळायला लागला. "हे असं वाजवत धावणार?" माई म्हणाल्या. "लोक बैलगाडी समजून बाजूला होतील." माईंच्या पर्समध्ये सुईदोरा नेहमी असतो. त्यांनी जुडगा रुमालात घट्ट गुंडाळला, परबकाकांच्या हाफपँटच्या आतल्या खिशात सारला आणि खिशाचं तोंड दुहेरी दोऱ्याने शिवून टाकलं. अंगावरच्या हाफपँटीत आतून शिवायचं म्हणजे परबकाकांची कोण पंचाईत! ते डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते.

वरळीला आम्ही बराच वेळ उभे होतो. आधी वाऱ्यासारखे धावणारे गेले, मग बरे धावणारे, मग आपल्यासारखे दिसणारे. गर्दी विरळ झाली तेव्हा कुठे परबकाका आले. चेहरा लाल, पण पाय पडत होते. आम्ही एकच गिल्ला केला. पोरं नाचली, ह्यांनी "स्पीड, स्पीड!" केलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, हसले, एकेकाकडे बोट दाखवत मान डोलावली. मग त्यांचा हात कमरेकडे गेला आणि हसू मावळलं. ते रस्त्यात थांबले.

"माई," ते म्हणाले. "चाव्या."

मग सगळ्यांनाच आपापलं कुलूप दिसलं. परबकाका खिसा चाचपत होते, पण माईंची शिवण ती. कात्री कोणाकडेच नव्हती आणि हाफपँट उतरवल्याशिवाय किल्ल्या निघणं शक्य नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे बघून नाडीला हात घातला.

"खबरदार!" माई कडाडल्या. "भर रस्त्यात?"

"मग मी धावूचंय नाय. टेम्पोत बसतंय. आधी दारां उघडतंय सगळ्यांची." ते खरोखरच टेम्पोकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. वर्षभर बिल्डिंगभोवती फेऱ्या मारून हा माणूस इथवर आला होता आणि आमच्या कुलपांसाठी अर्ध्यात सोडून निघाला होता. पण खरं सांगू? त्याच वेळी माझ्या मनात घरी डाळ भिजत घातल्याचाही विचार आला.

माई रस्त्यात उतरल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "वर्षभर धावलात ते इथे थांबायला?"

"तुम्ही सगळे भायर उभे ऱ्हवतल्यात, माई!"

"उभे कशाला? बसू. जिना आहे ना."

"माका खूप वेळ लागतलो."

"लागू दे," माई म्हणाल्या. "घाई कित्याक? कुलूप काय पळान जातला? तुम्ही पुरं करून या. आम्ही वाट बघतो."

परबकाकांनी माईंकडे असं पाहिलं की जणू ही भाषा त्यांनी प्रथमच ऐकली. मग ते वळले आणि धावायला लागले.

त्या दुपारी श्रमसाफल्य जिन्यात राहिली. खालच्या पायरीपासून वरच्या मजल्यापर्यंत माणसं. सगळ्या बिल्डिंगला मिळून साठ्यांचं एकच न्हाणीघर आणि त्यापुढे रांग. साठेआजोबा "मी सांगत होतो" असं प्रत्येक पाहुण्याला सांगत होते. साठेआजींनी घरातले होते नव्हते तेवढे पोहे केले. भेंड्या झाल्या, एक भांडण झालं, ते मिटलंही. संध्याकाळ व्हायला आली तशी पोरं पेंगली आणि मोठ्यांचा आवाज बारीक झाला. कुलकर्णी हळूच म्हणाले, "काही झालं तर नसेल ना हो त्यांना?" त्यानंतर किल्लीचं नाव कोणी काढलं नाही. सगळे फाटकाकडे बघत राहिले.

किल्ल्या शिवलेल्या असल्यामुळे त्या दिवशी ते आधी ऐकू आले नाहीत. दिसलेच. फाटकाला धरून, एकेक पाय उचलून ठेवत येत होते. आम्ही सगळे एकदम उठून उभे राहिलो. ते पाहून ते जागच्या जागी थबकले.

"काय झाला? कोणाक काय झाला?"

"काही नाही हो," मी म्हणाले. "तुमचीच वाट बघत होतो. पूर्ण केलीत?"

"केली. मांडव सोडूक लागले होते. माका बघून थांबले."

मग जो आरडाओरडा झाला तो ऐकून पलीकडच्या कारखान्याचा रखवालदार बघायला आला. माईंनी साठेआजींच्या कात्रीने शिवण उसवली. "द्या इकडे, आम्ही उघडतो," सगळे म्हणत होते, पण छे! ज्याची त्याच्या दारात. एका बाजूने ह्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने कुलकर्ण्यांनी, आणि परबकाका मजल्यामजल्याने कुलपं उघडत वर आले. आमच्या कुलपाला त्यांनी जरा वर उचलून घेतलं. शेवटी त्यांचं स्वतःचं दार उरलं. तिथे ते किल्ली हातात धरून उभे राहिले.

"पाय नको म्हणत होते, माई," ते म्हणाले. "बसणार होतो फूटपाथवर. पण म्हटलं, घराक माणसा वाट बघतत. माझी वाट कोण कधी बघूक नाय."

"तुमची कसली, चाव्यांची बघत होतो," माई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात परबकाका, भिंतीला धरून. हातात एक किल्ली. "माई, ही ठेवा."

"कोण यायचंय तुमच्याकडे?"

"कोण येवचो नाय. मीच येतलंय. येऊन मागेन."

तेव्हापासून ते कारखान्यात जाताना, इतकंच काय, खाली दूध आणायला जातानासुद्धा दाराला कुलूप लावून किल्ली माईंच्या हातात देत. संध्याकाळी कधी यायला उशीर झाला तर माई झोप आलेली असूनही बसून राहत. बेल वाजली की दार उघडून फणकाऱ्याने म्हणत, "केवढा हा उशीर! किती वाट बघायची माणसाने?"

आणि परबकाका ते बोलणं ऐकत, हात पुढे करून, उंबऱ्याबाहेर उभे राहत. घर असूनही. किल्ली घ्यायची त्यांना मुळीच घाई नसे.