नाझरकाकांचं बिनदाराचं घर

नाझरकाकांच्या घराला पुढचं दार नव्हतं. चोरीला गेलं नव्हतं. रिटायर झाल्यावर त्यांनी सुतार बोलावून ते स्वतःच उतरवून घेतलं, दोन्ही फळ्या ओट्यावर विटा रचून आडव्या टाकल्या आणि पोरांना बसायला बाक केला. जुन्या जालन्यातल्या आमच्या अरुंद गल्लीतून जाणारा प्रत्येक जण त्यांच्या बैठकीत डोकावून जायचा. कुत्री तर आत येऊन खुशाल झोपायची. मी एकदा विचारलं, "थंडीचं काय करता हो?" तर म्हणाले, "थंडीला घोंगडी हाय, वहिनी. संशयाला काय पांघरू?"

काका कोर्टात नाझर होते, म्हणजे घरोघरी समन्स बजावत फिरणाऱ्या बेलिफांचे साहेब. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. घरात एक कॅरम होता आणि शाळा सुटली की गल्लीतली निम्मी पोरं त्या कॅरमभोवती. काका खेळायचे चांगलं, पण हरणं त्यांना बिलकुल सोसायचं नाही. राणी हुकली की "हात थरथरला, हा धरायचा न्हाई" म्हणून पुन्हा मारायचे. पोरं त्यांच्याशी अशी भांडायची, की बघणाऱ्याला वाटावं सगळे एकाच वर्गातले.

पण नवं पोर ओट्यावर चढलं की काकांचं कोर्ट सुरू. "आईला विचारलं का?" पोरानं हो म्हटलेलं चालायचं नाही. आईनं स्वतः येऊन हो म्हणायला लागायचं. पेपरमिंटच्या गोळ्या आणल्या तर सगळ्यांना, एकट्या-दुकट्याला कधीच नाही. कुणी डाव जिंकला तर पाठ थोपटायचे नाहीत, लांबून टाळ्या वाजवायचे. दिवेलागण झाली की सगळ्यांना हाकलून द्यायचे.

आणि साक्षीला मी. "वहिनी, काही निवडायचं असलं तर इकडंच घेऊन या," अशी रोज हाक. मी सूप घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायची. त्या वर्षांत आमच्या घरच्या डाळीत खडा म्हणून सापडला नाही. सासूबाई खूष होत्या, मी मात्र वैतागायची. म्हातारा चांगला आहे, पण कोर्ट डोक्यात गेलंय, असं अख्खी गल्ली म्हणायची आणि मीही म्हणायची.

एकदा माझा संजय शाळा बुडवून सिनेमाला गेला. संध्याकाळी काकांना म्हणाला, "आईला सांगा ना, मी तुमच्याकडं होतो." काकांनी त्याला पुढं घातलं आणि तडक आमच्या दारात आणून उभं केलं. "वहिनी, हा गुपित घेऊन आल्ता. माझ्याकडं ठेवायला जागा न्हाई." संजय रागानं लाल. मग मला म्हणाले, "वाईट माणूस पोरांशी गोड बोलतो. मी बी गोडच बोलतो. लेकराला फरक कळावा कसा? कोर्टात लै रडणारी लेकरं बघितली म्या. पहिलं काय शिकवलं जातं त्यांना? घरी सांगू नको. म्हणून आपलं सगळं उघड्यावर." त्या दिवसापासून मी कुरकुर बंद केली.

या पोरांत मंदा होती. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात काम करणाऱ्या रंगनाथची थोरली, दहावीतली. काकांना न घाबरता हरवणारी ती एकटीच, म्हणून काकांचा तिच्यावर भारी जीव. "लबाडी करून राह्यले तुम्ही, काका," असं ती तोंडावर म्हणायची आणि काका खुशीत यायचे.

त्या वर्षी ऐन सहामाहीच्या दिवसांत मंदा धावत आली. तिचं लग्न ठरवलं होतं, दिवाळीनंतरचं. "काका, मला भोकरदनला मामाकडं नेऊन सोडा. आत्ताच. कुणाला सांगू नका." मी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता काका चपला घालतील आणि बस गाठतील. मी असते तर तेच केलं असतं.

काकांनी चपला घातल्या खऱ्या. "घरी न सांगता तुला नेलं तर पळवून नेणं होतं ते. मंग माझं जाऊ दे, तुझंच कुणी ऐकायचं न्हाई," ते म्हणाले. "वहिनी, चला. तिच्या बापाकडं जायचंय." मंदा रडायला लागली. मला तर इतका राग आला, की वाटभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

रंगनाथ नुकताच कामावरून येऊन हातपाय धूत होता. काकांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "पोरगी लहान हाय. हे लग्न कायद्यात बसत न्हाई. तुम्ही थांबवलं तर बरं. न्हाई थांबवलं तर मी पोलीस ठाण्यात जाणार, आन् जायच्या आधी तुम्हाला सांगून जाणार."

"तुम्ही कोण तिचे?" रंगनाथ कडाडला.

"दोस्त."

पोलिसाचं नाव निघालं होतं. रंगनाथनं ओले हात पुसले. मग म्हणाला, "बराबर. लग्न थांबवतो. शाळा बी शिकू देतो. पण मंग ह्या दोस्तानं माझ्या पोरीशी पुन्हा बोलायचं न्हाई. तिनं तुमचा ओटा चढायचा न्हाई."

"मंजूर," काका म्हणाले. विचार करायला क्षणही घेतला नाही.

परत येताना मीच भांडले. एवढं कसं कबूल केलं तुम्ही? ते म्हणाले, "बाप हाय तो. तिनं कुणाशी बोलावं, हे सांगायचा त्याला हक्क हाय. लग्न लावायचा न्हाई, तेवढंच मला सांगायचं होतं." आवाज मात्र त्यांचा नेहमीचा नव्हता.

शब्द त्यांनी अक्षरशः पाळला. मंदा गल्लीतून जाताना दिसली की मान खाली घालायचे. बाकीची पोरं यायची, डाव व्हायचे, पण काका आता हरले तरी भांडत नसत. पोरांना मजा येईना. मंदाच्या बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत मला रोज विचारायचे, "आज पेपर कसा गेला म्हणे?" मी मंदाच्या आईकडून काढून आणायची आणि सांगायची. गणित अवघड गेलं म्हटल्यावर त्या दिवशी जेवले नाहीत. मला फार वाईट वाटायचं त्यांच्याकडं बघून.

जूनमध्ये निकाल लागला. मंदा पहिल्या वर्गात पास. रंगनाथ तिला घेऊन गल्लीत पेढे वाटत निघाला. काकांच्या ओट्यापाशी आला तेव्हा काका कॅरमपाशी खाली बघत उभे होते. हात सोंगट्यांवर, मान तशीच खाली घातलेली. रंगनाथ पेढ्यांचा पुडा धरून बघत राहिला. मग मंदाला म्हणाला, "जा. पाया पड त्यांच्या."

मंदा ओटा चढून वाकली, तसे काका घाईघाईनं मागं सरले.

"अगं, दोस्ताच्या कुणी पाया पडतं का?"

भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत नाझरकाका रडले. तोंड फिरवावं, डोळे पुसावेत, हेही त्यांना सुचलं नाही.